ओमुरकुलचे पाय

"कुठवर आलात, बाइके?" कलिपाने विचारलं. थोरल्या पुरुषाला तिकडे 'बाइके' म्हणतात.

ओमुरकुलचे दोन्ही पाय घोटाभर कोमट पाण्यात होते. डोळे मिटलेले, पांढरी टोपी गुडघ्यावर. "ओढा ओलांडला," तो म्हणाला. "गवत अजून ओलंय. हळूहळू चाललोय, म्हंजे शार्शेला मला गाठता येईल."

शेजारच्या घमेल्यात पाय सोडून बसलेल्या शार्शेनेही डोळे उघडले नाहीत. "माझी वाट बघू नकोस. तुझ्या मेंढ्यांच्या लेंड्या तुडवायला मी येत नसतो."

"मग तू कुठं फिरतोयस?"

"मी बसलोय. लढाईत चाललो तेवढं पुरे झालं."

आत-बाशी गावातल्या माजी सैनिकांच्या या खोलीत दर गुरुवारी हे असंच चालायचं. विशीत असताना या लोकांना अफगाणांच्या डोंगरात लढायला पाठवलं होतं. कुणाची बोटं बर्फाने गेली, कुणाची टाच सुरुंगाने फुटली, आणि जे धडधाकट परतले त्यांच्या पायांना म्हातारपणी साखरेने गाठलं. नर्स कलिपा त्यांचे पाय धुवायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची, नखं सरळ कापायची, घट्टे घासायची. सुरुवातीला ही मंडळी लाजून लाल व्हायची. बाईमाणसाच्या मांडीवर पाय द्यायचा म्हणजे काय! त्यांची लाज मोडावी म्हणून तिनेच एकदा थट्टेत विचारलं होतं, सांगा बघू, आत्ता कुठे चाललाय? तेव्हापासून खोड लागली. पाण्यात पाय पडले की यांचे डोळे मिटायचे आणि वाफेतून एकेक जण आपापल्या वाटेला लागायचा. कधी कधी कलिपालाही वाटायचं, आपण या खोलीत नाहीच. कुठल्यातरी उतारावर आहोत आणि पुढे ही म्हातारी माणसं पोरांसारखी चालली आहेत.

ओमुरकुलची वाट ठरलेली होती. आर्पाचं उन्हाळी कुरण. चाळीस उन्हाळे तो मेंढ्या घेऊन तिथे गेला होता. येत्या रविवारी कळप पुन्हा वर निघणार होता, पण मुलाने, कुबातने, अट घातली होती. कलिपाने पाय ठीक असल्याचं लिहून दिलं तर बापाला नेणार, नाहीतर म्हाताऱ्याने घरी बसायचं. वर ना डॉक्टर, ना औषध. कुबातचंही काही चुकत नव्हतं.

तिने ओमुरकुलचे पाय पुसून मांडीवर घेतले आणि साखरेने पाय बधिर झालेत का ते तपासायचा नायलॉनचा बारीक दोरा काढला. "डोळे उघडू नका. टोचलं की 'हो' म्हणा."

"अगं, फौजेत हजेरी दिलेला माणूस मी. मला शिकवतेस?"

अंगठा. "हो." करंगळी. "हो." चवडा, तळवा, टाच. एकदाही तो चुकला नाही. कलिपाला फार बरं वाटलं. गेल्या वर्षी इसाबेकने असंच हसत हसत 'सगळं ठीक' म्हटलं होतं, तिने शब्दावर विश्वास ठेवून सही दिली होती, आणि शरद ऋतूत त्याला ट्रकमध्ये घालून खाली आणलं तेव्हा त्याचा पाय मांडीपासून कापावा लागला होता. त्यानंतर ती कुणाच्या शब्दावर जात नव्हती. पण इथे तर दोराच साक्ष देत होता.

तिने मोजे चढवले, आणि थोरल्याचे बूट धाकट्याने पुढे करायचे म्हणून त्याचा मऊ कातड्याचा बूट उचलला. उचलता उचलता तो कलंडला आणि आतून टपकन काहीतरी फरशीवर पडलं.

चुको होता. मेंढीच्या घोट्याचं हाडूक, पोरं खेळतात तसलं, तांबडा रंग दिलेलं.

"हा कुठनं आला?" ओमुरकुल हसला. "आमच्या नातीचा! सोमवारी हरवला म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं तिनं."

"बाइके," कलिपा म्हणाली, "आज गुरुवार आहे."

ओमुरकुलचं हसू तिथेच थांबलं. शार्शेने डोळे उघडले. तिने मोजा ओढून काढला आणि पाय उजेडात धरला. चवड्यावरच्या ज्या डागाला ती जुना घट्टा समजली होती तो निळसर होता, आत दबलेला, बरोबर त्या हाडकाएवढा. हातच्या काकणाला आरसा कशाला?

"मग मघाशी सगळं बरोबर कसं सांगितलंत?"

ओमुरकुल टोपीच्या कडेशी चाळा करत राहिला. "तू वाकलीस की तुझं स्टूल करकरतं," तो शेवटी म्हणाला.

कलिपाला संताप आला, आणि संतापाच्या मागोमाग रडू. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

दोन वर्षं दर गुरुवारी या माणसाने तिला ताकाला तूर लागू दिली नव्हती!

"लिहू नकोस, पोरी," तो हलक्या आवाजात म्हणाला. "खाली बसून मी काय करू? भिंती बघू? सून चहा देईल, नात टोपी पळवेल, झाला दिवस. आणि एक सांगू? पाण्यात पाय सोडले ना, की मला गवत लागतं. दगड लागतात. ओढ्याचं पाणी असं चावतं! ते खोटं नव्हतं हां. खोटं बोललो ते फक्त तुझ्या दोऱ्याचं."

"इसाबेक बाइकेंना मी सही दिली होती," कलिपा म्हणाली. "त्यांच्या दारावरून जाताना मान वर होत नाही माझी. अजून एक दार नका वाढवू."

शार्शेच्या घमेल्यातलं पाणी गार झालं होतं, तरी तो पाय काढत नव्हता. बाहेरून कुणाची तरी मेंढरं चालली होती, वरच्या वाटेने, आणि त्यांचा आवाज बराच वेळ खोलीत भरून राहिला.

तो आवाज पार विरला. मग ओमुरकुलने दुसऱ्या पायाचा मोजा स्वतःच काढला.

"ते स्टूल बाजूला कर," तो म्हणाला. "परत बघ. या खेपेला खरं सांगतो. जे निघेल ते कुबातला लिहून दे."

कलिपा जमिनीवर बसली. त्याचे पाय तिने मांडीवर घेतले. ओमुरकुल ताठ बसला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटले. शार्शे पुढे वाकून बघू लागला. तिने दोरा अंगठ्याला लावला, थांबली. मग करंगळीला. चवड्याला, तळव्याला, टाचेला. प्रत्येक ठिकाणी दोरा वाकेपर्यंत दाबत होती आणि वाट बघत होती. मग दुसरा पाय. कुठेतरी एकदा तरी 'हो' यावं म्हणून ती मनात देवाची विनवणी करत होती. शार्शेने मान फिरवली आणि तो खिडकीबाहेर पाहू लागला.

ओमुरकुल डोळे मिटून, श्वास रोखून बसला होता.

"कर की सुरू," तो म्हणाला.

कलिपाने दोरा केव्हाच खाली ठेवला होता. दोन्ही पाय तपासून झाले होते.