शंभरपर्यंत

माझ्या उजव्या तळहातावर काळपट डाग आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, वय झालं की असं होतं. मी मान डोलावते. तो डाग पडला तेव्हा माझे केसही पिकले नव्हते, हे त्यांना कशाला सांगा?

मी शाळेत चित्रकला शिकवायची. सुरुवातीला सगळे शिकवतात तशीच शिकवली. टेबलावर बाटली, बाटलीशेजारी सफरचंद, आणि चाळीस वह्यांत चाळीस वाकडी सफरचंदं. एका वर्षी मलाच कंटाळा आला. पोरांना म्हटलं, "सफरचंद पुरे झालं. तुम्हाला मनापासून काय आवडतं ते चिठ्ठीवर लिहून द्या. सहामाहीभर तेवढंच काढायचं."

काय काय निघालं त्या चिठ्ठ्यांतून! एकाला सायकलची साखळी आवडायची. त्यानं ती सोडवून आणली आणि कडी न् कडी काढली. एकीनं वडिलांच्या मिशा काढल्या, दर महिन्याला बदलणाऱ्या. पालकसभेला ते आले तर अख्खा वर्ग त्यांच्या ओठांकडे टक लावून बसला. गणिताचे सर मला चिडवायचे, "बाई, तुमच्या तासाला शिकवतं कोण आणि शिकतं कोण?" मी म्हणायची, "तुम्हीही एक चिठ्ठी द्या ना सर. मिशा तुम्हालाही आहेत."

माझा नियम एकच होता. मुलाच्या कागदाला बाईंचा हात लागणार नाही. चूक दिसली तर तोंडानं सांगायचं, फार तर दुसऱ्या कागदावर काढून दाखवायचं. ज्याचं चित्र त्याचं.

असं चाललं असताना सातवीत मुंगी आली. अंगानं एवढीशी आणि सतत कशात तरी गुंतलेली, म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणायचे. तिच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता : अंधार.

"अंधार कसा आवडतो गं?"

"बघायला आवडतो, बाई. आपण नीट बघितलं की आतलं दिसायला लागतं."

मला मजा वाटली. मी तिला मोठा कागद दिला आणि कोळशाच्या कांड्या दिल्या. "आधी सगळा कागद काळा कर," म्हटलं, "मग रबरानं जिथं उजेड हवा तिथला काळा रंग उचल. म्हणजे काळ्यातून चित्र बाहेर येईल." ही रीत मीच शिकवली तिला.

आमचा तास शुक्रवारी, दुपारच्या सुट्टीनंतर. पहिल्या शुक्रवारी तिच्या कागदातून भिंतीचा एक कोपरा आला. दुसऱ्या शुक्रवारी भिंतीला टेकलेली दोन कोपरं आली, मग फ्रॉकच्या बाह्या. एक बाही साधी, एक ठिपक्यांची.

माझ्या हातातला खडू खाली पडला.

माझी एक धाकटी बहीण होती. मी नऊ वर्षांची, ती सहाची. तिच्या फ्रॉकला कापड कमी पडलं म्हणून आईनं एक बाही ठिपक्यांच्या कापडाची लावली होती. तोच फ्रॉक घालून एका दुपारी ती माझ्याशी लपाछपी खेळायला आली. राज्य माझ्यावर होतं. मी भिंतीला टेकून शंभर मोजले. पण त्याच सकाळी मला नवी रंगपेटी मिळाली होती. वाटलं, बसू दे तिला लपून जराशी, तेवढ्यात एक चित्र होईल. एकाची तीन झाली. ऊन उतरल्यावर मी उठले. ती कुठंच नव्हती. लोकांनी विहिरी पाहिल्या, गोदामं पाहिली, रेल्वेच्या रुळांच्या कडेनं पार पुढच्या स्टेशनापर्यंत जाऊन आले. आईनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "खूप शोधलं गं, सापडलीच नाही." हे खोटं मी आईच्या शेवटच्या दिवसापर्यंत निभावलं. बहिणीचा फोटो आमच्याकडे नव्हता. चाळिशी येईतो तिचा चेहराच मला आठवेनासा झाला होता. बाही तेवढी आठवायची.

"मुंगे, ही कोण गं?"

"माहीत नाही. तिचा चेहरा दिसत नाही ना. हात डोळ्यांवर आहेत. ती मोजतेय. आता राज्य तिच्यावर आहे."

"किती झाले?"

मुंगीनं कागदाजवळ कान नेला, जशी काही शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकतेय. "चाळीस."

त्या दिवसापासून बाकीच्या पोरांकडे माझं लक्ष राहिलं नाही. मी मुंगीच्या मागं उभी राहायची. अर्धी सुटलेली वेणी आली. सपातेचा तुटलेला पट्टा, दोऱ्यानं बांधलेला. तो दोरा मीच बांधला होता. दर शुक्रवारी विचारायची, किती झाले. साठ. पंच्याहत्तर. नव्वद. आणि मनात एकच चाललेलं : हात खाली आले की चेहरा दिसेल.

मुंगीची आई शिवणकाम करायची. एक दिवस गळ्यात टेप तशीच ठेवून शाळेत आली.

"बाई, तो कोळसा कसला आणलाय तुम्ही? पोरीचे हात बघा. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेलसुद्धा झालं. आधी बोटं काळी होती, आता कोपरापर्यंत आलंय. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडाला हात लावू देता येत नाही तिला. वर झोपेत आकडे म्हणते."

मी म्हटलं, "एकच शुक्रवार राहिलाय. चित्र पुरं होऊ द्या."

त्या वाक्याची आजही लाज वाटते.

शेवटच्या शुक्रवारी वर्ग मैदानावर गेला होता. मी मुंगीला एकटीला थांबवून घेतलं. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, पण तिच्या बाकावर पडत नव्हतं. ती रबर हातात घेऊन नुसतीच बसली होती.

"बाई, मी आता दुसरं काढू? आमच्या मांजरीला पिल्लं झालीत. मला मांजर काढायचंय."

इतकी वर्षं मुलांना हेच सांगत आले होते : आवड बदलली तर बदलू दे, ती तुझी आहे. आणि मी काय बोलले? "आधी हे संपव."

तिनं निमूटपणे रबर टेकवलं. काळ्यातून एकेक बोट उजळायला लागलं.

"बाई, मोजून झालं की ती शोधायला निघणार. आपण लपायला हवं ना?"

"कोणाला शोधायला?"

तिनं कान लावला. "म्हणते, जी आधी दिसेल ती."

मी मुंगीच्या मागं उभी होते. कागदासमोर मुंगी होती.

"पंच्याण्णव," ती म्हणाली. तिचे ओठ हलत होते, पण आवाज तिचा नव्हता. लहान होता आणि दुपारभर उन्हात राहिल्यासारखा कोरडा. "शहाण्णव."

काळेपणा तिच्या बाहीतून वर चढून गळ्याशी आला होता. चित्रातली दोन बोटं फाकली. रबर तर मुंगीच्या मांडीवर पडलेलं होतं. फटीतून एक डोळा उघडला. बुबुळाशेजारी, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर तांबूस तीळ होता. बघताक्षणी सगळं आठवलं मला : तो तीळ, नाक, पडलेला दात. अजून क्षणभर थांबले असते तर सगळा चेहरा पाहिला असता.

"सत्त्याण्णव."

डाव्या हातानं मुंगीला मागं खेचलं आणि उजवा तळहात कागदावर दाबून चित्र पुसलं. डोळा, बोटं, ठिपक्यांची बाही, सगळं. एवढ्या वर्षांत मुलाच्या कागदाला लागलेला माझा तो पहिला आणि शेवटचा हात. पुसताना कागदाच्या आतून कोणीतरी तळहाताला तळहात लावला. छोटासा आणि ऊनऊन.

मग कागद नुसता काळा राहिला.

सोमवारी मुंगीचे हात स्वच्छ होते. वर्षभर तिनं मांजरी काढल्या, सगळ्या बटाट्यासारख्या गोल. मी एकीलाही नाव ठेवलं नाही. फक्त एकदा ती म्हणाली, "बाई, हात धुवा ना तुमचा." म्हटलं, "धुतलाय गं."

आता मला शहाऐंशी वर्षं झाली. तो कागद कपाटात आहे, पण मोजणी आता कागदात होत नाही. इतकी वर्षं ती थांबली होती. गेल्या महिन्यात, जेवून आरामखुर्चीत पडले असताना, तळहातातून ऐकू आलं : अठ्ठ्याण्णव. काल दुपारी, नव्याण्णव.

मी घाबरले नाही असं नाही. पण दुपारची शिकवणीची पोरं मी कालच बंद केली. कामवालीला सांगितलंय, दोन ते पाच यायचं नाही. त्या वेळी या खोलीत जी आधी दिसेल ती मीच असेन.

खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली आहे. मी लपणार नाही.