शून्य पॉइंट बहात्तर

परीक्षक सरांनी तिसरं बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून कपात पडलं. सरांनी पेपर तपासायचं लाल पेन उलटं धरून ते बाहेर काढलं, तोंडात टाकलं, पेन बाहीला पुसलं आणि सतरा नंबरच्या पेपरवर आपटत म्हणाले, "बाई, ही तुमची मुलगी डोक्यावर पडलीये का? शून्य पॉइंट बहात्तर लिहिलंय!"

बाई पेनाकडे बघत राहिल्या. टोपणाच्या खाचेत बिस्किटाचा ओला लगदा अडकला होता.

"बाकीच्या वीस जणांचं बघा," सर म्हणाले, "एकजात एक पॉइंट एक शून्य. डोळे निवतात. जा, समजावा तिला, खोडायला लावा. पोरीचे मार्क खाऊन मला काय मिळणार? पण मुख्य प्रयोगाला भोपळा मिळाला तर ती नापास, आणि प्रात्यक्षिकात नापास म्हणजे वर्ष गेलं. आणि जरा लवकर, मला पाचची गाडी गाठायचीय."

रसायनशास्त्राच्या या बाईंना शाळेत एकतीस वर्षं झाली होती. राग आला की त्यांचा चेहरा लाल व्हायचा आणि वरचा साहेब समोर आला की निळा पडायचा, म्हणून पोरांनी त्यांना 'लिटमस' नाव ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं. पोरांनी उगाच ठेवलंय असं त्यांना कधी वाटलं नाही.

प्रात्यक्षिक परीक्षा हे दरवर्षीचं बसवलेलं नाटक होतं. एका बीकरमध्ये झिंक सल्फेट, त्यात जस्ताची पट्टी. दुसऱ्यात मोरचूदाचं निळं पाणी, त्यात तांब्याची पट्टी. दोन्हींमध्ये क्षाराच्या पाण्यात भिजवलेला सॉल्ट ब्रिज, वरून तारा, मध्ये व्होल्टमीटर. जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, तांब्याचे आयन ते घेतात, एकाचं ऑक्सिडीकरण, दुसऱ्याचं क्षपण. दोन धातूंच्या पोटेन्शियलमधला फरक काट्यावर दिसतो आणि पुस्तकात तो एक पॉइंट एक शून्य छापलेला आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाई वर्गाचं दार लावून घ्यायच्या आणि सांगायच्या, "काटा कुठेही जाऊ दे, तुम्ही एक पॉइंट एक शून्य लिहून मोकळे व्हा." पहिल्यांदा असं सांगितलं त्या वर्षी सॉल्ट ब्रिज ऐनवेळी वाळून गेले होते, दुसरा इलाज नव्हता. त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. पुढच्या वर्षी सांगितलं तेव्हा छान लागली.

सतरा नंबर काल गैरहजर होती. तिची आई दवाखान्यात आया होती, तिला दुहेरी पाळी लागली होती आणि धाकट्या भावाला ताप होता. बंद दाराआडचं ते वाक्य तिच्या कानावर पडलंच नव्हतं. एवढाच तिचा गुन्हा.

बाई तिच्या टेबलाशी गेल्या. बाकीची पोरं पेपर देऊन व्हरांड्यात खिदळत होती.

"अगं, रीडिंग चुकलंय तुझं. एक पॉइंट एक शून्य कर."

"चुकलं नाही बाई. मी तीनदा घेतलं." मुलीचा आवाज बारीक होता, पण डळमळत नव्हता. "पट्टी घासली, तारा उलटसुलट केल्या, सॉल्ट ब्रिज बदलला. तरी तेवढंच येतंय. तुम्ही बघा ना."

"मला बघायची गरज नाही. पुस्तकात काय आहे?"

"पुस्तकात एक पॉइंट एक आहे. पण काटा इथे आहे ना, बाई."

खरं तर बाई तिथूनच वळल्या असत्या. वीस जणांना वळवलं, एकविसावी काय अवघड! पण मुलगी बाजूला सरकून उभी राहिली होती, पाहुण्याला खुर्ची द्यावी तशी, आणि आता न बघणं म्हणजे तोंडावर मारल्यासारखं झालं असतं. बाई वाकल्या. चष्मा वर केला. काटा शून्य पॉइंट सातच्या पुढे दुसऱ्या घरावर स्वच्छ उभा होता. थरथरतसुद्धा नव्हता.

किती वर्षांनी आपण हा काटा वाचतोय, असा विचार बाईंच्या मनात आला.

त्यांनी पट्टी बाहेर काढली, धुतली, पॉलिश पेपरनं जोर लावून घासली. पुन्हा बुडवली. बहात्तरच. पुन्हा काढून त्या उजेडात धरून बघू लागल्या. कडेला, जिथे पट्टी पाण्याच्या वर राहते तिथे, तांबूस डाग होता. भौतिकशास्त्राच्या कपाटातून त्यांनी लोहचुंबक आणला आणि पट्टीजवळ धरला. टक् असा आवाज झाला. पट्टी चिकटली.

जस्त चुंबकाला चिकटत नाही. सातवीतल्या पोरालाही हे कळतं.

"तात्या!" बाईंनी हाक मारली. तात्या म्हणजे प्रयोगशाळेचा शिपाई, बाईंच्या आधी दोन वर्षं लागलेला. "या जस्ताच्या पट्ट्यांना तांबडा गंज धरतो का हो?"

"धरतो म्हणजे? दरसाल धरतो!" तात्या हात पुसत आला. "परीक्षेच्या आधी आठवडाभर मीच घासत बसतो. सात वर्षांमागं ही नवी पेटी आल्यापासून तर बोटांची सालं गेली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"आता काय सांगायचं बाई, मी दहावी नापास माणूस. जस्ताला गंज धरतो की नाही ते तुम्हाला ठाऊक. आणि पेटी उघडली तेव्हा तुम्हीच तर सही केलीत, माल तपासून घेतला म्हणून."

बाईंनी एकवीसच्या एकवीस पट्ट्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि चुंबक फिरवत गेल्या. टक्. टक्. टक्. लोखंडी पत्रा कापून वरून जस्ताचा मुलामा दिलेला. पहिलं वर्ष मुलाम्यानं निभावून नेलं असेल. मग तात्यानं घासून घासून तो संपवला, आणि गेली सहा वर्षं या शाळेची पोरं लोखंडाला जस्त म्हणत होती. लोखंडाचं पोटेन्शियल उणे शून्य पॉइंट चव्वेचाळीस, तांब्याचं अधिक शून्य पॉइंट चौतीस. फरक अठ्ठ्याहत्तर. पोरीचे बहात्तर आले. शाळेच्या या भंगार सामानात ही तर कमाल होती.

सहा वर्षांत शंभरावर पोरांनी एक पॉइंट एक शून्य लिहिलं, सहा परीक्षकांनी त्यावर बरोबरची खूण केली आणि बाईंनी खाली सही ठोकली. एकालाही लोखंड दिसलं नाही, कारण काट्याकडे एकानंही बघितलं नव्हतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत. आणि दळणारी आपण. बाईंना स्वतःच्या हातांची शिसारी आली. त्यांनी नळाखाली हात धरले आणि साबण लावून दोनदा धुतले. गंजाचा वास जाईना.

"बाई, म्हणजे माझं बरोबर आहे ना?" मुलीनं मागून विचारलं.

"तुझं एकटीचंच बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "काही बदलू नकोस. मी बघते कोण काय करतं ते."

हे बोलताना त्यांचा चेहरा लाल झाला होता.

मुख्याध्यापकांच्या खोलीत हेडसर आणि परीक्षक सर दोघेही बसले होते. बाईंनी चुंबक आणि चिकटलेली पट्टी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. परीक्षक सरांनी पट्टी ओढून काढली, पुन्हा चिकटवली, पुन्हा काढली. त्यांना मजा वाटत होती.

"खरंच की हो! लोखंड!" ते हसत म्हणाले. "आमच्याकडेही बघायला हवं."

"तेव्हा त्या मुलीला पूर्ण मार्क द्या," बाई म्हणाल्या. "आणि उरलेल्या वीस जणांची परीक्षा पुन्हा घ्या. या पट्ट्यांवर एक पॉइंट एक शून्य येऊच शकत नाही. ते सगळे खोटं लिहिताहेत."

"ते खोटं लिहिताहेत?" हेडसर शांतपणे म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत. "त्यांना कोणी सांगितलं लिहायला?"

बाईंनी चुंबक उचलून पुन्हा खाली ठेवला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. तुम्हाला निवृत्तीला किती, सात महिने? परीक्षा रद्द करा म्हणाल, तर चौकशी लागेल. माल कोणी तपासला, सही कोणाची, वर्गाचं दार लावून कोण बोललं, सगळं निघेल. मी तुमच्या विरुद्ध नाही. पण मग मी तरी काय करणार?"

"आणि वीस जणांचं वर्ष टांगणीला," परीक्षक सर म्हणाले. "एका पोरीपायी. बाकीची पोरं तिला जगू देतील का?"

"मग तिचं आहे तसं राहू द्या. वीस जणांचं वीस जणांपाशी, तिचं तिच्यापाशी. दोन्हीला मार्क द्या."

"कसे देणार? पेपर वर तपासायला जातात. एकाच वर्गात वीस जणांचं एक पॉइंट एक आणि एकीचं बहात्तर, आणि दोन्ही बरोबर? कोणीतरी विचारेलच." सरांनी घड्याळ पाहिलं. "एक तर सगळे बरोबर, नाही तर सगळे चूक. तुम्हीच निवडा."

बाईंना वाटलं, या टेबलावर ओकावं. त्या चकचकीत काचेवर, बिस्किटांच्या चुऱ्यावर, सगळ्या सभ्यपणावर. पण एकतीस वर्षांत त्या कुठे ओकल्या होत्या, म्हणून आज ओकतील!

"तिच्या आईला बोलावलंय," हेडसर म्हणाले. "दवाखाना समोरच तर आहे."

आई कामाच्या कपड्यांतच आली. फिनाइलचा वास येत होता. तिला कोणी नीट काही सांगितलं नव्हतं. मुलगी नापास होणार एवढंच कळलं होतं. ती परीक्षकांकडे गेली नाही, हेडसरांकडे गेली नाही. सरळ बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, तिचं काय चुकलं असेल ते असेल. लहान आहे, डोकं फिरतं कधीकधी. तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकते ती. घरी सारखं आमच्या बाई, आमच्या बाई चालू असतं. नर्सिंगला घालायचीय मला तिला. मी बाई आयाच राहिले, ती तरी नको राहायला."

"तिचं काही चुकलं नाहीये हो, ताई," बाई म्हणाल्या.

"मग तर झालंच की! मग नापास कशाला करता?"

याला उत्तर होतं, पण ते द्यायला तोंड लागतं. बाईंनी हेडसरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. सात महिने. चौकशी. वर्तमानपत्रात शाळेचं नाव. वीस पोरं, वीस आया. बाईंच्या चेहऱ्यावरचा लाल रंग हळूहळू उतरत गेला.

त्या प्रयोगशाळेत परतल्या तेव्हा मुलगी स्टुलावर ताठ बसून होती. बाईंच्या हातात कोरा उत्तराचा कागद होता. मागे आई दारातच थांबली.

"हे बघ," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. आपलाच आवाज त्यांना दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. "तुझं बरोबरच आहे. ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. पण या कागदावर नव्यानं उतरवून काढ. निरीक्षण, आकृती, सगळं तसंच. फक्त रीडिंग..."

मुलीनं बाईंकडे पाहिलं. मग दारातल्या आईकडे पाहिलं. आई पदराच्या टोकानं मान पुसत होती. ती रडली असती, भांडली असती, तर बाईंना बरं वाटलं असतं. तिनं कागद ओढून घेतला आणि लिहायला लागली. आकृती पट्टीनं काढली. डावीकडच्या बीकरखाली 'जस्त' लिहिलं, ठळक, अधोरेखित. रीडिंगच्या रकान्याशी येऊन तिचं पेन थांबलं.

"बाई," तिनं मान वर न करता विचारलं, "एक पॉइंट एकच्या पुढे शून्य द्यायचं ना?"

एकतीस वर्षं बाईंनी हेच शिकवलं होतं. काटा जितकं दाखवेल तितकंच लिहायचं, दोन घरं तर दोन घरं, न पाहिलेला एक आकडासुद्धा आपल्या मनानं द्यायचा नाही.

"दे," बाई म्हणाल्या.

मुलीनं शून्य काढलं, वळणदार, पूर्ण जुळलेलं. जुना कागद तिनं चार घड्या घालून बाईंच्या हातात दिला. मग ती उठली. तारा सोडवल्या, व्होल्टमीटर बंद केला, निळं पाणी निळ्या बाटलीत आणि पांढरं पांढऱ्या बाटलीत ओतलं. पट्ट्या नळाखाली धरून धुतल्या, फडक्यानं कोरड्या केल्या आणि पेटीत आपापल्या खणात ठेवल्या. टेबल पुसलं, स्टूल आत सरकवलं. "येते, बाई," म्हणाली आणि आईच्या मागोमाग निघून गेली.