आधी म्हणायचं असतं

वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात तिला सगळे डिक्शनरी म्हणत. चादरींवर इस्त्री फिरवता फिरवता बाई तोंडातल्या तोंडात इंग्रजी पुटपुटायची. हेडलाइन, एडिटर, ब्रेकिंग न्यूज. आज कुठला शब्द पाठ चाललाय, असं स्वयंपाकीण येता-जाता विचारायची आणि ही भाबडी अर्थासकट सांगत बसायची. चिडवतायत हे कळायचं तिला, पण मनावर घ्यायची नाही. रिसेप्शनची जागा रिकामी होणार होती आणि इंग्रजी बोलता आलं तर तुझा विचार करू, असं मेट्रनबाईंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. धुलाईखान्यामागच्या एका खोलीत ती आणि अंथरुणाला खिळलेली तिची आई राहत. खोली नोकरीबरोबर मिळालेली. भिंतींना कायमची ओल आणि हवेला साबणाचा वास. रिसेप्शनवालीला मात्र वरच्या मजल्यावरची खोली मिळे, मोठ्या खिडकीची. आईनं डोळे मिटायच्या आधी तिला त्या खिडकीतून आभाळ दाखवायचं, एवढाच ध्यास तिनं घेतला होता.

संध्याकाळचा क्लास एक पत्रकार घ्यायचा. दिवसा पेपरात, संध्याकाळी फळ्यापुढे. बोलायला साखरेसारखा गोड, मेला. बातम्यांवर इंग्रजीत गप्पा मारता आल्या की माणसाचं कुठंच अडत नाही, असं त्याचं म्हणणं, म्हणून सध्या तेच शब्द चालले होते. सोर्स म्हणजे आतली खबर देणारा. लीक म्हणजे नळाचं गळणं नव्हे, खबर फुटणं. कव्हर-अप म्हणजे पांघरूण घालणं, आपल्यातही तसंच म्हणतात. आणि ऑफ द रेकॉर्ड म्हणजे तुमच्या-माझ्यात, छापायचं नाही. हा शेवटचा तिला फारच आवडला. म्हणताना कसं मोठ्या माणसासारखं वाटायचं.

एका संध्याकाळी सरांनी फर्मावलं, आपापल्या कामाच्या ठिकाणची बातमी इंग्रजीत सांगा. बँकेतल्या चष्मेवालीचं आणि हिचं पहिल्या नंबरावरून कायम जुंपलेलं. चष्मेवालीनं बँकेतला एसी बिघडल्याचं सांगितलं. बाकीच्यांचंही असंच मिळमिळीत. मग डिक्शनरी उभी राहिली. रात्रपाळीला निवांत झोपता यावं म्हणून म्हाताऱ्यांच्या दुधात झोपेच्या गोळ्या घालतात, हे तिनं अडखळत का होईना, पण शेवटापर्यंत सांगितलं. त्यात स्कँडल आलं, कव्हर-अप आलं, सकाळी निघणाऱ्या ओल्या चादरींचे ढीगही आले. त्या चादरी तीच धुवायची, तिला कळायचं नाही तर कुणाला? सगळं सांगून झाल्यावर तिनं मान ताठ केली आणि ऐटीत जोडून दिलं, "ऑफ द रेकॉर्ड."

वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"व्हेरी गुड," सर म्हणाले. "एकच चूक झाली."

कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही. घरी जाईपर्यंत ती बिचारी हॅज आणि हॅव यांच्यातच चाचपडत राहिली.

आठवडा संपायच्या आत पेपरात आलं. नाव नव्हतं. 'धुलाईखान्यात काम करणाऱ्या आणि सध्या इंग्रजी शिकणाऱ्या एका महिलेनं' असं छापलं होतं. आता धुलाईखान्यात इंग्रजी शिकणारी दुसरी होती कोण? नाव छापायचं बाकी ठेवलं म्हणून काय उपकार केले?

मेट्रनबाईंनी आवाजसुद्धा चढवला नाही. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच देतो, असा खुलासा त्यांनी पेपराला धाडला, तो दुसऱ्या दिवशी छापून आला आणि विषय मिटला. हिला त्या इतकंच म्हणाल्या, की इंग्रजी चांगलंच सुधारलंय की तुझं, आता उद्या सकाळपर्यंत खोली मोकळी कर. तिनं पाय धरले, आईकडं बोट दाखवलं. काही उपयोग झाला नाही. स्वयंपाकिणीनं तर तोंडच फिरवलं. दुधात गोळ्या ढवळायची ती तीच.

चुलतभावानं नाइलाजानं जिन्याखाली जागा दिली. तिथं अंधारात पडल्या पडल्या आईनं विचारलं, "मिळाली का गं वरची खोली? खिडकी कुठं दिसत नाही ती."

"बसवतायत अजून," ती म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी ती तडक क्लासला गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सर, मी ऑफ द रेकॉर्ड म्हटलं होतं."

"म्हणालात, पण सगळं बोलून झाल्यावर." सरांनी हातावरचा खडू झटकला. "ते आधी म्हणायचं असतं. तीच तर चूक. मी त्याच दिवशी सांगितलं होतं, एक चूक झाली म्हणून."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ठीक आहे, मग आता आधीच म्हणते. ऑन द रेकॉर्ड, असं बजावून तिनं इंग्रजीत सुरुवात केली. नोकरी गेली. घर गेलं. आई जिन्याखाली पडलीय. तुम्ही माझा विश्वासघात केलात, तोही छापा. या वेळी हॅजच्या जागी हॅज आलं आणि हॅवच्या जागी हॅव. सर मान तिरकी करून ऐकत होते, तोंडी परीक्षा घेताना ऐकतात तसं.

"परफेक्ट," ते म्हणाले. "एकही चूक नाही. पण ही बातमी होत नाही हो बाई. नोकऱ्या काय, रोजच जातात लोकांच्या."

मग फळ्याकडं वळून त्यांनी नवा शब्द लिहिला. न्यूजवर्दी, म्हणजे बातमी होण्याच्या लायकीचं. वाक्यात कोण वापरेल, असं विचारायचा अवकाश, चष्मेवालीचा हात वर.

"शी इज नॉट न्यूजवर्दी."

सर हसले. बरोबर आहे, सगळ्यांनी उतरवून घ्या, म्हणाले. वह्या उघडल्या. डिक्शनरीनंही खाली बसून वही उघडली आणि ते वाक्य नीट अक्षरात लिहून घेतलं.