दार ठोठावण्याचा सराव

सैन्यात मृत्यूला कोणी भीत नाही. भीती वाटते ती फक्त मृतांच्या घरी जाऊन सांगायची, म्हणून अधिकाऱ्यांसाठी त्याचाही कोर्स काढला होता, नाश्त्यासकट.

नियम सोपे होते. पूर्ण गणवेश, टोपी काखेत, पहिल्याच वाक्यात 'मृत्यू' हा शब्द, आणि खात्री नसलेलं अवाक्षरही बोलायचं नाही. शेवटी प्रात्यक्षिक. क्वार्टर्सच्या टोकाला रिकाम्या घरात प्रशिक्षकाची बायको आई होऊन बसणार, आणि नव्या कॅप्टनने तिला मुलाची बातमी द्यायची. नापास झाला तर तुकडी मिळणार नव्हती.

मधल्या घरांत खरी माणसं राहतात, हे कोर्स आखणाऱ्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कॅप्टन गल्लीत शिरला आणि एकेक रेडिओ बंद होत गेला. वाळत घालायची चादर हातात धरून एक बाई तशीच उभी राहिली. तो ज्या दारावरून पुढे जाई, त्या दारामागे कुणीतरी श्वास सोडल्यासारखं त्याला वाटे. एका फाटकापाशी तो वाक्य पाठ करायला थांबला.

न ठोठावताच दार उघडलं. हवालदाराची बायको. हाताला साबण.

"बोलून टाका, साहेब."

"वहिनी, सराव चाललाय आमचा."

"माझ्या दारात?"

"नाही, त्या टोकाच्या घरात."

"मग इथे का थांबलात? बरं, राहू दे. आमचे हे ठीक आहेत, एवढं म्हणा. मी दार लावते."

कॅप्टन तसं म्हणणारच होता. हवालदार सीमेवरच्या तळावर होता. ठीक असणारच. पण आज सकाळपासून काय झालं असेल, कुणास ठाऊक?

"खात्रीशीर माहिती मिळाल्याशिवाय..." त्याच्या तोंडून पाठ केलेलंच निघालं.

ती उंबऱ्यावर मटकन बसली.

त्याने तळावर फोन लावला, स्पीकरवर. पलीकडच्या कारकुनाने नाव दोनदा विचारलं. मग म्हणाला, "थांबा, बघतो."

"बघतो म्हणजे? काय बघतो?" ती म्हणाली.

फोनमधली पावलं दूर गेली. शेजारणी कुंपणाशी जमल्या, पण कुणी आत येईना. बातमी अंगाला चिकटेल अशा भीतीने सगळ्या लांब उभ्या.  आपण खरंच बातमी घेऊन आलोय, असं आता कॅप्टनलाही वाटू लागलं होतं.

पावलं परत आली.

हवालदार दाढ काढून घेत होता. तोंडात बोळा असल्यामुळे त्याला फोनवर येता येणार नव्हतं.