सोमवार कोणाचा?

बैठक दोनची होती. थोरला पावणेतीनला आला. आल्या आल्या त्यानं आईच्या गालावरून हात फिरवला, धाकट्याच्या पाठीत थाप मारली आणि मधलीला म्हणाला, “काय गं, वाळलीस की!” जसं काही ती हौसेनं वाळत होती.

मधली भिंतीवरचं घड्याळ बघत होती. तिला पाचच्या आत शिवणकारखान्यात पोचायचं होतं. मालकानं निरोप धाडला होता : कटिंगचं टेबल, आठवड्यातून तीन दिवस, सोमवार ते बुधवार. पाहिजे असेल तर आज पाचच्या आत येऊन समोर हो म्हण, उद्या, मंगळवारी सकाळी आठला कामाला उभी राहा. नाहीतर टेबल दुसऱ्याला गेलं.

कटिंग म्हणजे काय हे तिच्या भावांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं बहीण ‘शिवणकाम’ करते. चाळीस थर कापड एकावर एक अंथरायचं, वरच्या थरावर खडूची रेघ आणि मग त्या रेघेवरून पातं चालवायचं. हात अर्धा इंच हलला तर चाळीस सदरे भंगारात. अकरा वर्षांत तिचा हात हलला नव्हता. मग आईला झटका आला, अर्धं अंग गेलं, आणि दोघे भाऊ तोंडं लांब करून म्हणाले, “सध्यापुरतं तू बघ.” ते सध्यापुरतं दोन वर्षं चाललं होतं.

आई खाटेच्या कडेला बसली होती. डोकं शाबूत, पण शब्द गेलेले. मोजून चार उरले होते : हो, नको, जायचंय आणि मेल्या. जन्मात कुणाला उलटून न बोललेली ही बाई आता दिवसातून वीस वेळा मेल्या म्हणायची. डॉक्टर म्हणाले होते, रागाचे शब्द डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतात, ते बऱ्याचदा वाचतात. मधलीला त्यात नवल वाटलं नव्हतं. या घरात बायकांचा राग कुणी वापरूच दिला नव्हता, मग तो कोरा करकरीत राहणारच.

ही खोली इस्पितळाच्या पहिल्या मजल्यावर, अगदी टोकाला. एक खाट, एक चाकांची खुर्ची, एक टेबल, चार साध्या खुर्च्या आणि भिंतीवर सात रकान्यांचा पांढरा तक्ता. त्या तक्त्यापाशी जी बाई बसायची तिला सगळे तक्तेबाई म्हणायचे. म्हाताऱ्या माणसांचं पुढच्या पाच-दहा वर्षांचं काय करायचं, हे घरच्यांकडून वदवून घेणं हे तिचं काम. महिन्यापूर्वी मधली अंघोळीला गेली असताना आई पडली, ती तिसरी वेळ. तेव्हा इस्पितळानं सांगितलं की घरी नर्स पाठवू, पण लेखी आराखडा पाहिजे आणि त्यात एकापेक्षा जास्त नावं पाहिजेत. म्हणून ही बैठक.

“मी काय म्हणतो,” थोरल्यानं खुर्ची ओढली, “भावनेच्या भरात काही ठरवायला नको. प्रॅक्टिकल बोलू. दिवसा एक बाई ठेवू. आणि वर देखरेखीला ही आहेच.”

“ही म्हणजे कोण?” तक्तेबाईनं विचारलं.

“ही. बहीण.”

“तिला विचारलंत?”

थोरला हसला. “विचारायचं काय त्यात? घरातलीच आहे.”

“तुम्ही कुठले?”

धाकटा फिस्सकन हसला आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

“हे बघा मॅडम, मी पाऊण तासावर राहतो. रोज व्हिडिओ कॉल करतो. रोज! एक दिवस चुकवलेला नाही. विचारा आईला.”

“हो,” आई म्हणाली. ते खरंच होतं. रोज संध्याकाळी सात वाजता मधली एका हातात फोन धरून आईसमोर उभी राहायची आणि थोरला पलीकडून “आई, जेवलीस का?” विचारायचा. ते जेवण कुणी भरवलं, हा प्रश्न त्या फोनला कधी पडला नाही.

“मी मदतीला तयार आहे,” धाकटा म्हणाला, “पण माझी पाठ... डॉक्टरांनी वजन उचलू नको सांगितलंय.”

“मागच्या रविवारी मित्राचा फ्रिज तीन जिने तू चढवलास ना रे?” मधली म्हणाली. तिनं बैठकीत बोललेलं हे पहिलं वाक्य.

“तो वेगळा विषय आहे.”

“हो, त्यात थंड प्यायला मिळतं.”

तक्तेबाईनं पेन उचललं, पण कुणाला दिलं नाही. “माझी इथे एकच पद्धत आहे. तक्त्यात आपलं नाव आपणच लिहायचं, दुसऱ्याचं कुणी लिहायचं नाही. आणि नाव लिहिण्याआधी माणूस खाटेवरून खुर्चीत बसवून दाखवायचा. इथे, माझ्यासमोर. खूप लोक फार सुंदर बोलतात हो. बोलण्यानं माणूस खुर्चीत जात नाही.”

“एवढंच ना?” थोरल्यानं कोट काढला, बाह्या सारल्या. “अहो, आई आहे आमची.”

मधली अर्धी उठली. तक्तेबाईनं तिच्याकडे बघून नुसती मान हलवली : बस.

थोरल्यानं चाकांची खुर्ची घेतली आणि आईच्या डाव्या बाजूला लावली. चाकांना खीळ घातली नाही. मग आईच्या शेजारी वाकला आणि तिचा डावा दंड दोन्ही हातांनी पकडला. “चल आई, एक, दोन...”

“मेल्या!” आई किंचाळली. “मेल्या! मेल्या!”

मधली धावली. खुर्ची मागे सरकून टेबलावर आपटली होती, आई कलंडली होती आणि थोरला तिचा लुळा हात घट्ट धरून तसाच उभा होता. तक्तेबाईनं एका हातानं आईला सावरलं, दुसऱ्यानं त्याची बोटं सोडवली.

“गेलेला हात ओढताय तुम्ही. खांदा निसटेल त्यांचा.”

“गेलेला? पण उजवा गेलाय ना?”

धाकट्यानं खाली पाहिलं.

“डावा,” मधली म्हणाली.

“नाही गं, मी रोज बघतो की. इकडचा...” थोरल्यानं समोर फोन धरावा तसा तळहात धरला, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या उजव्या कडेवर ठेवलं आणि तिथेच थांबला. पडद्यावर तो लुळा हात कायम त्याच्या उजवीकडे दिसायचा. दोन वर्षं त्यानं आईला फक्त समोरून पाहिलं होतं. तिच्या शेजारी, ज्या बाजूनं माणूस आधार देतो त्या बाजूनं, तो एकदाही उभा राहिला नव्हता.

मधलीच्या आत दोन वर्षं घड्या घालून ठेवलेलं सगळं एकदम उलगडलं.

“सातशे वेळा बघितलंस तिला, दादा. सातशे! आणि आईचा कुठला हात गेलाय हे तुला माहीत नाही? मला सल्ले देतोस. डाळ पातळ कर, व्यायाम करून घे, तू जरा चिडचिडी झालीस. कुठल्या हाताचा व्यायाम रे? सांग ना, कुठल्या?”

“आवाज खाली घे. लोक ऐकतील.”

“ऐकू देत! मी काय चोरी केली? मी रोज रात्री हिच्या डाव्या बाजूनं झोपते, ती त्या कुशीवर पडू नये म्हणून. माझा स्वतःचा उजवा-डावा विसरेन, तिचा नाही विसरणार.”

“झालं तुझं? चूक झाली, मान्य. म्हणून तर म्हणतोय, तुला जमतं ते आम्हाला...”

“जमतं?” तिचा आवाज आता एकदम हळू झाला. “मी काय आईच्या पोटातूनच शिकून आले का हे? पहिल्या महिन्यात मी तिला दोनदा पाडलं. तुला सांगितलं नाही, कारण तू ओरडला असतास. शिकले मी. तूही शीक.”

सव्वातीन झाले होते. तक्तेबाईनं थोरल्याला आईसमोर उभं केलं आणि लहान पोराला शिकवावं तसं शिकवलं. खुर्ची उजव्या, धडक्या बाजूला. चाकांना खीळ. कमरेला पट्टा. आपला गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्याला टेकवायचा. हात ओढायचा नाही, कमरेचा पट्टा धरायचा. त्यांना पुढे झुकू द्यायचं, मगच उचलायचं. चौथ्या वेळेला आई खुर्चीत नीट बसली. थोरल्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. धाकट्याला तिसऱ्या वेळेलाच जमलं. फ्रिजचा अनुभव कामी आला असणार.

मग पेन फिरलं. पण आधी तक्तेबाई आईसमोर वाकली. “आजी, आठवड्यातले तीन दिवस ही मुलं तुमच्यापाशी राहतील. लेक कामाला जाईल. चालेल?”

हे दोन वर्षांत आईला कुणीच विचारलं नव्हतं. मधलीनंही नाही, आणि ते तिला तिथेच बोचलं.

आईनं तिघांकडे पाहिलं. शेवटी मधलीकडे. “हो,” ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, “हो, हो.”

धाकट्यानं मंगळवार आणि बुधवारच्या रकान्यात नाव लिहिलं, तोंड कडू औषध प्यायल्यासारखं करून. थोरला बराच वेळ पेन फिरवत राहिला. सोमवारी मीटिंग असते, म्हणाला. लॅपटॉपवरच असते ना, मधली म्हणाली, डोंगरावर सुट्टीला जाऊनही तू ती केलीस, फोटो पाठवले होतेस. त्यानं सोमवारात नाव लिहिलं. अक्षर एवढं बारीक की तक्तेबाईनं पुन्हा मोठ्यानं लिहायला लावलं.

“पुढच्या सोमवारपासून,” तो म्हणाला. “आज काय ते...”

“जायचंय,” आई म्हणाली.

जायचंय म्हणजे संडासला. आणि जायचंय म्हणजे आत्ता. दोघा भावांच्या माना एकाच वेळी मधलीकडे वळल्या. मुद्दाम नाही, आणि तेच जास्त भयंकर होतं. दिव्याचं बटण शोधत हात भिंतीकडे जातो तशा वळल्या. मधलीचे हात उठण्यासाठी आपोआप स्वतःच्या खुर्चीच्या दांड्यांवर गेले. तिनं ते उचलले आणि मांड्यांखाली दाबून धरले.

“जायचंय!”

“अगं, ती म्हणतेय...” थोरला म्हणाला.

“ऐकू आलं.”

“मग?”

“आज वार कुठला, दादा?”

त्यानं तक्त्याकडे पाहिलं. स्वतःचं नाव तिथे मोठ्या अक्षरात होतं.

“पण बायकांचं... मी कसं...”

“तुझं सगळं तिनं केलं, तेव्हा तिनं विचारलं होतं का हे पुरुषाचं आहे म्हणून?”

तक्तेबाईनं दार उघडून धरलं. “डावीकडे तिसरं दार. आत पकडायला दांडा आहे. मी बाहेर उभी राहते.”

थोरल्यानं खुर्चीची खीळ काढली. आई मान वळवून त्याच्याकडे संशयानं बघत होती.

मधली उठली. पिशवी खांद्याला अडकवली. पिशवीत तिची जुनी कात्री होती, सकाळी निघताना घेतलेली, घेऊ की नको करत. चार वाजायला दहा कमी होते. बसनं वेळेत पोचता आलं असतं.

ती जिन्यापर्यंत पोचली तेव्हा मागून आईचा आवाज आला.

“मेल्या! हळू!”

‘हळू’ हा शब्द आई दोन वर्षांत बोलली नव्हती. मधलीचा पाय पायरीवर अडखळला. सवयीनं मान वळू लागली होती. ती तिनं सरळ केली आणि खाली उतरली.