पहिला घोट

वीस मार्चच्या सकाळी कल्याणी जाधव कॉव्हेंट्रीच्या कडेने वाहणाऱ्या नदीत गुडघाभर पाण्यात उभी होती. नदी म्हणायचं आपलं. आपल्याकडे तिला ओढा म्हणतानाही लोकांनी विचार केला असता. पण इंग्रजांनी तिला नाव दिलंय, तिच्यावर पूल बांधलाय आणि पुलावर तिच्या इतिहासाची पाटी ठोकलीय, तेव्हा ती नदी.

कल्याणीच्या हातात तपासणीची बाटली होती. नदीच्या पाण्याचा नमुना घेणं म्हणजे बाटली बुडवून बूच लावणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा घेऊन बघावा. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे आपल्या पायांनी ढवळलेला गाळ बाटलीत येत नाही. झाकण हातातच धरायचं, कुठे टेकवायचं नाही, आतून त्याला बोट लावायचं नाही. वर थोडी हवा सोडायची. आणि सगळ्यात अवघड म्हणजे बाटली आधी विसळायची नाही. तळाशी चिमूटभर पांढरी पूड असते, पाण्यात क्लोरीन असलंच तर ते मारणारी. विसळलं की तीच जाते. आता मराठी घरात वाढलेल्या बाईला भांडं न विसळता भर म्हणणं म्हणजे तिच्या आईच्या सगळ्या शिकवणीवर बोळा फिरवणं. कल्याणीची पहिली बाटली या संस्कारापायीच बाद झाली होती. दुसरी लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर गाडीत तापून बाद झाली, कारण ओळखीच्या सिंधुबाईंना ताजा कढीपत्ता तिथलाच लागतो आणि कल्याणीला नाही म्हणता येत नाही. पाणी थंड राहिलं नाही तर त्यातले जंतू आपापला संसार वाढवतात किंवा आटोपतात, आणि मग लॅबवाले नमुना हातात धरत नाहीत.

पाण्याचे नमुने पाणी कंपनीही घेते, नाही असं नाही. पण कंपनीचा माणूस ठरलेल्या वारी, ऊन बघून येतो. पाऊस जोराचा झाला की वरच्या अंगाला कंपनीच्या गटाराचं दार उघडतं आणि साऱ्या शहराने सकाळपासून जे काही सोडून दिलेलं असतं ते नदीत येतं. त्या वेळी कंपनीचा माणूस घरी असतो. त्यामुळे कंपनीच्या लेखी नदी बारा महिने निर्मळ. म्हणून गावातल्या काही चळवळ्या मंडळींनी नदी बचाव गट काढला होता आणि हा गट पावसातच बाटल्या भरायचा. कल्याणी त्या गटात शिरली तेव्हा सगळ्यांना वाटलं, हिला निसर्गाचं वेड आहे. निसर्गाचं तिला काही पडलेलं नव्हतं. तिला बाप वाचवायचा होता.

तिचे वडील बबनराव हे कॉव्हेंट्रीच्या बौद्ध मंडळाचे अध्यक्ष. मूळचे महाडजवळचे. इथल्या मोटारीच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घातली, युनियनमध्ये भांडले, निवृत्त झाले आणि भांडायची सवय तेवढी घेऊन घरी आले. त्यांचे आजोबा सत्तावीस साली चवदार तळ्यावर होते. बाबासाहेबांच्या मागोमाग पायऱ्या उतरून ते ओंजळभर पाणी प्यायले होते. घरात सोनंनाणं नव्हतं. ती ओंजळ तेवढी होती, आणि ती बबनरावांकडे आली होती.

म्हणून दर वीस मार्चला मंडळाचा कार्यक्रम झाला की सगळे हॉलमागच्या नदीवर जायचे. बाकीचे काठावर उभे राहून दुकानातल्या बाटलीतून एकेक घोट घ्यायचे आणि त्याला प्रतीकात्मक म्हणायचे. बबनराव पायऱ्या उतरायचे, ओंजळ भरायचे आणि खरोखर प्यायचे. गेल्या मार्चमध्ये प्यायले आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेले. सलाईन लागलं. माणूस जातो की राहतो अशी वेळ आली. ते शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? बबनराव शांतपणे म्हणाले, "समोसा."

समोसे सिंधुबाईंचे होते. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात लोक सिंधुबाईंच्या ट्रेकडे बघून "नंतर घेतो हं" म्हणायला लागले. त्या माउलीने तेल बदललं, बटाटे बदलले, शेवटी किराणावाला बदलला. लोकांचं 'नंतर' काही आलं नाही.

कल्याणी बापाला ओळखून होती. "पप्पा, समोसा नव्हता तो. तुम्ही परत नाही प्यायचं," असं तिने वर्षभर ऐकवलं. बबनराव युनियनचे. ते म्हणाले, "तोंडी आरोप चालत नाहीत. लॅबचा रिपोर्ट आण. पाणी खराब ठरलं तर सोडतो." पण दोन नमुने बाद झाले, रिपोर्ट आला नाही आणि वीस मार्च उजाडला. तेव्हा ती म्हणाली, निदान आजच्या नमुन्याचा रिपोर्ट येऊ द्या, तोवर थांबा. बबनराव म्हणाले, "तारीख थांबते का कुणासाठी?"

नमुना भरून, लेबलवर नदीचं नाव, तारीख आणि आपली सही घालून कल्याणीने बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली आणि डबा मंडळाच्या हॉलच्या किचनमध्ये नेऊन कोपऱ्यात ठेवला. दुपारी कुरियरवाला तो न्यायला येणार होता. डब्यावर तिने मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: उघडू नये. आपल्या लोकांना अशी चिठ्ठी दिसली की आत काय असेल ते बघावंसं वाटतंच.

इकडे धम्मदीपची तारांबळ उडाली होती. धम्मदीप मंडळाचा सेक्रेटरी. नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, मेडनहेडहून दर वेळी ट्रेनने येऊन राबणारा गुणी मुलगा. फक्त कुठल्याही कार्यक्रमाला पाहुणा आणि बॅनर असल्याशिवाय त्याचं समाधान होत नसे. या वर्षी त्याने पाण्याचा कार्यक्रम म्हणून थेट पाणी कंपनीलाच बोलावलं होतं. कंपनीच्या जनसंपर्क अधिकारी फिलिपा मॅडम स्वतः आल्या होत्या. सोबत फोटोग्राफर, आणि व्यासपीठाच्या मागे निळ्या पताकांना झाकून टाकील एवढा बॅनर: 'तुमची नदी, आमचं वचन.'

सगळं जमून आलं आणि कौन्सिलने घात केला. रात्रभराच्या पावसाने नदीकाठ निसरडा झाला म्हणून त्यांनी पायऱ्यांवर पिवळी पट्टी लावून टाकली. आता ओंजळीला पाणी आणायचं कुठून? घाबराघुबरा झालेला धम्मदीप किचनमध्ये शिरला. मठ्ठा गार करायला जागा हवी म्हणून कुणीतरी कल्याणीच्या डब्याचं झाकण काढलेलंच होतं. बर्फावर बाटली. बाटलीवर नदीचं नाव, आजची तारीख, कल्याणीताईंची सही. धम्मदीपला भरून आलं. ताईंनी किती विचार केला! त्याने बाटली पुसली आणि नेऊन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे पांढऱ्या फुलांमध्ये ठेवली.

कल्याणी तेव्हा दारात लोकांचं स्वागत करत होती. आत येऊन ती मागच्या रांगेत बसली. त्रिशरण-पंचशील झालं. मग भाषणं सुरू झाली. प्रत्येकाने आधी वेळेअभावी दोनच शब्द बोलतो म्हणून सांगितलं आणि माईक गच्च धरून ठेवला. शेवटी फिलिपा मॅडम उठल्या. तुमच्या लोकांचा पाण्यासाठीचा लढा वाचून आपल्याला गहिवरून आलं, असं त्या म्हणाल्या. कंपनीचाही तोच लढा आहे, असंही म्हणाल्या. आणि आपल्या ताज्या तपासणीत ही नदी 'उत्कृष्ट' ठरल्याचं सांगून त्यांनी टाळ्यांसाठी जागा सोडली. टाळ्या पडल्या. आपले लोक सभ्य आहेत.

धम्मदीपने माईक घेतला. "फ्रेंड्स, या वर्षी रिव्हर बँकवर अॅक्सेस नाही, सो नदीच आपल्याकडे आली आहे. कल्याणीताईंनी आज सकाळी स्वतः आणलेलं पाणी! आणि पहिला घोट आपल्या चीफ गेस्ट घेतील."

त्याने बाटली उघडली. झाकण टेबलावर उपडं ठेवलं आणि स्टीलच्या पेल्यात पाणी ओतलं.

"माझा बाटली!" कल्याणी ओरडली. ती इथेच जन्मलेली. तिच्या मराठीत बाटली पुल्लिंगी होती आणि आजवर तिला कुणी अडवलं नव्हतं. आधी तिला नमुन्याचंच वाईट वाटलं, इतकी ती त्या कामात मुरली होती. मग बाप दिसला, आणि ती रांगांमधून वाट काढत पुढे धावली.

पेला तोवर फिलिपा मॅडमच्या हातात गेला होता. कॅमेरा सरसावला. मॅडमनी हसतमुखाने पेला ओठांपर्यंत नेला, वास घेतला आणि हसू तसंच ठेवून विचारलं, "हे नदीतलं आहे? म्हणजे थेट?"

"यस, फ्रेश!" धम्मदीप अभिमानाने म्हणाला.

पेला खाली आला. मॅडम म्हणाल्या, आपलं पोट जरा नाजूक आहे. शिवाय आरोग्य आणि सुरक्षेचे काही नियम असतात. धम्मदीपला काही समजेना. त्याने निरागसपणे विचारलं, "बट मॅडम, तुम्ही आत्ताच एक्सलंट म्हणालात ना?"

मॅडमनी समजावून सांगितलं. उत्कृष्ट म्हणजे नदी म्हणून उत्कृष्ट. प्यायला नव्हे. पोहायलाही नव्हे; मुलांनी हात न घातलेलाच बरा. बघायला उत्कृष्ट.

सभागृहात कुणीतरी खोकलं. बबनराव उठले आणि त्यांनी पेल्यासाठी हात पुढे केला. "आणा इकडे. ज्यांना प्यायचं नाही त्यांना राहू दे."

"पप्पा, नाही!" कल्याणीने त्यांचा हात धरला. "सगळ्यांसमोर सांगते मी. मागच्या वर्षी हे पाणी पिऊनच तुम्ही हॉस्पिटलमध्ये गेलेले. समोसा नव्हता. खोटं बोलले तुम्ही!"

तिसऱ्या रांगेत सिंधुबाई हळूहळू उभ्या राहिल्या.

"म्हंजे माझा समोसा नव्हता?"

बबनरावांची मान खाली गेली.

"वरीस झालं, बबनभाऊ! माझा जावईसुद्धा डबा परत धाडतो. मी तुमच्यासाठी हॉस्पिटलात मूग डाळीचं पाणी आणत होते, आणि तुम्ही पडल्या पडल्या माझंच नाव घालवत होता?" सिंधुबाईंचा आवाज चढत गेला. बाहेर कुरियरवाल्याने हॉर्न वाजवला, दोनदा वाजवला आणि कुणी येत नाही म्हणून तो रिकाम्या हाताने निघून गेला. लॅबच्या लेखी त्या दिवशीही नदीबद्दल काही वाईट निघालं नाही.

बबनराव एवढेसे झाले होते. कारखान्यात मॅनेजरच्या टेबलावर मूठ आपटणारा माणूस, पण सिंधुबाईंकडे त्याला बघवेना. "चुकलो, सिंधुबाई," ते म्हणाले. "पाणी बाधलं असं माझ्या तोंडून निघेना. पाण्यासाठी महाडला आमच्या आजाने डोक्यात काठ्या खाल्ल्या. मी बाधलं म्हटलं असतं तर तो हरला असता, असं वाटलं मला. आणि आज नाही प्यायलो तरी तेच."

कल्याणीला राग आला होता आणि रडूही येत होतं. तिने दोन्ही येऊ दिलं. "पप्पा, पणजोबा का प्यायले? सगळे पीत होते म्हणून ना? गावातला सगळा लोक पीत होता. गाई, म्हशी पण. फक्त आपल्याला नाही. इथे कोण पितो? बघा ना तुम्ही. कोण पितो इथे? ज्यांची नदी आहे त्या मॅडम पण नाही पीत!"

बबनरावांनी बघितलं. आधी बॅनरकडे, मग पांढऱ्या फुलांतल्या रिकाम्या बाटलीकडे, मग फिलिपा मॅडमच्या हातातल्या भरल्या पेल्याकडे. पेल्यासाठी पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला आणि मुलीच्या डोक्यावर ठेवला. मग आपल्या कारखान्यातल्या इंग्रजीत, एकही शब्द न खाता ते म्हणाले, "मॅडम, आमचा हट्ट एवढाच होता की तुम्ही पिता तेच आम्ही पिणार. तो हट्ट अजून आहे. पहिला घोट तुमचा, दुसरा माझा. सावकाश होऊ द्या. वाट बघायची आम्हाला सवय आहे."

ते खुर्चीवर बसले. कॅमेरा खाली आला होता. फिलिपा मॅडम पेला धरून उभ्या राहिल्या, आणि तो त्यांच्या हातून घ्यायला सभागृहातलं कुणीही पुढे झालं नाही.