रूळ काढलेली वाट

एकोणीस वर्षं रुग्णवाहिका चालवून ताईचे कान असे झाले होते की जरा शांत झालं की तिला वाटायचं, काहीतरी बिघडलंय. डेपोतले लोक तिला भोंगाताई म्हणायचे. साठलेली रजा साहेबांनी सक्तीने घ्यायला लावली, तेव्हा पहिल्या दोन दिवसांत तिने घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. तिसऱ्या दिवशी ती कपाटं सरकवायला लागली, तशी वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"वन्सं, पुरे. सायकली काढ. आपण दोघी जाऊन येऊ."

ताईने लग्न केलं नव्हतं. दादा-वहिनीच्या घरातच वरच्या खोलीत राहायची. दादा छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि वहिनी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. भाची शिकायला परगावी गेल्यापासून घरात तिघंच होती.

वाट जुन्या रेल्वेची होती. रूळ उखडून तिथे सायकलींसाठी रस्ता केला होता, दीडशे किलोमीटरचा, निवांत गेलं तर तीन दिवसांचा. गाड्यांना बंदी. आगगाडीला खडा चढ झेपत नाही, म्हणून ही वाटही कुठे अंगावर येत नव्हती. टेकडीला वळसा घालून हळूच वर जायची आणि तशीच हळूच उतरायची. दोन्हीकडे कुरणं, आणि मैलोन्‌मैल माणूस नाही.

पहिल्या दिवशी ताईची मान दुखायला लागली, कारण दर दोन मिनिटांनी ती मागे वळून पाहत होती.

"कोण येणारे मागून?" वहिनी हसून म्हणाली. "मीच आहे."

"सवय आहे गं." ताईने मोकळ्या वळणावरही घंटी वाजवली. एका झाडाखालची गाय तेवढी दचकली.

खरं तर तिला या वाटेची चीड यायला लागली होती. कुठे सिग्नल नाही, कुणाला बाजूला हो म्हणायचं नाही, कुठे वेळेत पोचायचं नाही. ती जोरात पुढे जायची आणि पुढच्या मैलाच्या दगडापाशी थांबून घड्याळ बघत बसायची. वहिनी आपल्या संथ चालीने यायची. तिच्या सायकलीला मागे दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या होत्या, आणि जराशा चढावरही तिला धाप लागत होती. "तीन दिवसांना एवढं काय भरलंयस?" असं ताईने विचारलं, तर म्हणाली, "मला लागतं."

रात्रीचा मुक्काम एका जुन्या स्टेशनात झाला. तिकीटघराची खोली केली होती. ताईला नीट झोप लागली नाही, आणि पहाटे जाग आली तर वहिनीही डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीचं मागचं चाक पंक्चर होऊन बसलं.

"एवढ्या ओझ्यानं दुसरं काय होणार!" ताईच्या आवाजात जवळजवळ आनंद होता. एकदाचं काहीतरी करायला मिळालं होतं. सायकल उलटी करायची म्हणून ती पिशव्या सोडवायला लागली.

"थांब, मी काढते," वहिनी घाईने म्हणाली. पण तोवर पट्टा सुटला होता आणि एक पिशवी गवतावर कलंडली. आतून जाड लोकरी कोट बाहेर आला, मग कागदपत्रांची फाइल, आणि एका फडक्यात गुंडाळलेली हत्यारं. मेण कोरायच्या सुऱ्या, छोटे चमचे, दातांच्या रंगछटांची पट्टी. ही हत्यारं वहिनी कुणाला हात लावू द्यायची नाही.

"सुट्टीत कवळ्या करणार आहेस?" ताई हसली. वहिनी हसली नाही. तेव्हा ताईने कोटाकडे पाहिलं. थंडीला अजून चार महिने होते.

"मी परत येणार नाहीये," वहिनी म्हणाली. "वाट संपते त्या गावात मला काम मिळालंय. खोलीही घेतलीय."

"दादाला माहीत आहे?"

"नाही."

"काय केलं त्यानं?"

वहिनी गवतावर बसली. "काहीच नाही गं. तो वाईट माणूस नाहीये. बावीस वर्षांत मी त्याच्यासमोर एक वाक्य पूर्ण केलेलं नाही. मी सुरू करते, तो संपवतो. बरोबर संपवतो, हा त्याहून वैताग. हे सांगायलासुद्धा चारदा बसले. चारही वेळा त्यानं मला काय म्हणायचंय ते सांगितलं आणि पेपर उघडला."

"आणि तुझी लेक?"

"तिला माहीत आहे. खोली तिनेच पसंत केली."

हे मात्र ताईला लागलं. "म्हणजे मीच तेवढी येडी! मला बरं वाटावं म्हणून सहल, होय ना? सामान वाहायला सोबत हवी होती, ते सांग की सरळ!"

वहिनी काहीतरी म्हणाली, पण ताई सायकलीवर बसली होती. तिने मागे न बघता पायडल मारायला सुरुवात केली. वाट नेहमीसारखी सावकाश चढत होती आणि तिला एखादा खडा चढ हवा होता, छाती फुटेल असा. आठेक किलोमीटर ती अशीच गेली. मग खिशातला फोन वाजला.

"हिचा फोन लागत नाही," दादा म्हणाला. "माझा राखाडी स्वेटर कुठल्या कपाटात आहे, विचार जरा."

"ती मागे आहे. भेटली की..."

"आली की," दादा म्हणाला. "'भेटली की' नव्हे. एकत्र गेलायत ना तुम्ही? शिवाय तू दमलीयस, आवाजावरून कळतंय. पाणी पी आणि..."

"दादा, मला..."

"माहीत आहे, घाई आहे. ठेव."

फोन ठेवून ती तशीच उभी राहिली. लहानपणापासून दादा असाच बोलायचा, तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. ती दिवसभर गाडीत असायची; घरी जेवायला आणि झोपायला. रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसायची ती वहिनी.

पाणी प्यायला तिने पिशवीत हात घातला आणि हाताला पंप लागला. पंप, ठिगळं, सोल्युशन, सगळं तिच्याकडेच होतं.

परतताना उतार होता, तरी तिला तो संपतच नाही असं वाटलं. वहिनी सायकल हाताने ढकलत येत होती. चेहरा घामाने आणि आणखी कशाने तरी ओला होता.

"दुरुस्तीचं सामान माझ्याकडे राहिलं," ताई म्हणाली.

"तेवढ्यासाठी आलीस?"

"चाक काढ आधी."

दोघींनी मिळून ट्यूब बाहेर काढली. ताईने काटा शोधून उपटला. ठिगळ दाबून धरल्यावर वहिनी म्हणाली, "सामान वाहायला नव्हतं आणलं तुला. एकटीनं निघाले असते तर पहिल्या स्टेशनातूनच परत फिरले असते. माझी मला खात्री नव्हती."

"आता आहे?"

"तू गेलीस, तरी मी पुढेच चालत होते ना."

ताईने एक जड पिशवी स्वतःच्या सायकलीला बांधली. "मला हे पटलेलं नाही," ती म्हणाली. "नीट ऐकून ठेव. अजिबात पटलेलं नाही."

"ऐकलं."

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास वाट संपली आणि गाड्यांचा आवाज सुरू झाला. खोली तिसऱ्या मजल्यावर होती, खाली कवळ्यांचीच प्रयोगशाळा. जिना अरुंद होता. पिशव्या एकेक करून न्याव्या लागल्या. वर एक खाट, एक टेबल, आणि एका माणसाला पुरेल एवढा ओटा. वहिनीने आधी हत्यारं टेबलावर ओळीने मांडली. मग तिने घरी फोन लावला. ताई उठून बाहेर जायला लागली, तर तिने खुणेनेच बसवलं.

"मी बोलतेय तोवर मधे बोलू नकोस," वहिनी फोनवर म्हणाली. "एवढं एकदाच." आणि तिने सांगितलं. पाचेक मिनिटं लागली असतील. पलीकडून आवाज आला नाही. शेवटी ती "हो" म्हणाली, आणखी एकदा "हो" म्हणाली आणि फोन ठेवला. ताईने पाणी आणून दिलं. दुसरं काय करावं हे तिला सुचलं नाही.

सकाळी वहिनीला नऊला कामावर जायचं होतं. जिन्यात निरोप घेताना ताईचं हेल्मेट वहिनीच्या कपाळावर आपटलं.

परतीची वाट ताईने दोन दिवसांत कापली. या वेळी तिने एकदाही घंटी वाजवली नाही, पण चैन काही पडलं नाही. दर थांब्यावर ती दादाला काय सांगायचं ते जुळवायची आणि पुढच्या चढावर मोडायची.

दादा जेवायच्या टेबलाशी बसला होता. पुढ्यात मुद्रितं, लाल पेन टोपण लावलेलं. तो ओरडला नाही. 'तू का नाही अडवलंस' असं विचारलं तर काय म्हणायचं, हे तिने पक्कं केलं होतं. त्याने तेही विचारलं नाही.

पेन बाजूला सारून म्हणाला, "तिच्या खोलीला खिडकी आहे का?"

"दोन आहेत."

"कुठल्या बाजूला?"

"एक पूर्वेला. एक रस्त्याकडे." ती थांबली. तो ऐकत होता, पुढचं काही बोलत नव्हता. मग खुर्ची ओढून ती त्याच्यासमोर बसली आणि जिन्यापासून सांगायला लागली.